एडिनबराचे बोळ

फार मोठी प्रवासी जहाजं एडिनबराच्या लीथ बंदरात शिरू शकत नाहीत. ती फोर्थच्या खाडीत आणखी पश्चिमेला जातात, साउथ क्वीन्सफेरी या गावासमोर नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटींतून हॉज धक्क्यावर उतरवतात. साउदॅम्प्टनहून निघालेलं आमचं जहाजही तिथेच थांबलं. सोबत माझी थोरली बहीण होती. ताईने साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि या सफरीतल्या सगळ्या बंदरांपैकी तिने मनात धरलं होतं ते हे एकच शहर. ‘तो किल्ला मला आतून बघायचाय,’ असं ती निघण्याआधीपासून म्हणत होती. का, ते सांगत नव्हती.

शहराच्या आधी भेटतो तो पूल. फोर्थचा रेल्वेपूल फोटोत कितीही वेळा पाहिलेला असो, बोटीतून त्याच्याजवळ जाताना मान वर करावीच लागते. गंजासारख्या तांबड्या रंगाचे, शंभर मीटरहून उंच असे तीन पोलादी मनोरे पाण्यात पाय रोवून उभे आहेत आणि दोन्हीकडे हात पसरून त्यांनी मधली अंतरं पेलली आहेत. मोठा गाळा ५२१ मीटरचा. १८७९ च्या डिसेंबरात, उत्तरेला डंडीजवळचा टे नदीवरचा पूल वादळात कोसळला आणि त्यावरून जाणारी आगगाडी सगळ्या माणसांसकट पाण्यात गेली. त्या पुलाचा अभियंता टॉमस बाउच फोर्थवरही झुलता पूल बांधणार होता. ते काम रद्द झालं आणि जॉन फाउलर व बेंजामिन बेकर यांच्याकडे नव्याने सोपवण्यात आलं. लोकांचा पुलांवरचा विश्वास उडालेला असताना नुसता मजबूत पूल बांधून भागणार नव्हतं, तो मजबूत दिसायलाही हवा होता. म्हणून हे पन्नास हजार टनांहून अधिक पोलाद आणि पासष्ट लाख रिव्हेट. बेकरने व्याख्यानात या पुलाचं तत्त्व माणसं वापरून समजावलं होतं: दोघं खुर्च्यांवर हात पसरून बसले आणि त्यांच्या आधारावर मधे उचलून धरलेला काइची वातानाबे हा जपानी अभियंता. ते छायाचित्र आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. ४ मार्च १८९० ला पूल खुला झाला. त्याच्या बांधकामात मेलेल्या ७३ कामगारांची नावं आता शोधून काढली आहेत आणि खाडीच्या दोन्ही काठांवर त्यांची स्मारकं आहेत. नावं शोधायला शंभराहून अधिक वर्षं लागली, पण शोधली, याचं मला मोल वाटलं.

क्वीन्सफेरी या नावातली राणी म्हणजे अकराव्या शतकातली मार्गारेट, राजा तिसरा माल्कम याची पत्नी. सेंट अँड्र्यूजच्या यात्रेकरूंसाठी तिने इथे तर सुरू केली. ती तर या ना त्या रूपात १९६४ पर्यंत, शेजारचा रस्त्याचा पूल होईपर्यंत चालू होती. नऊशे वर्षं एकाच ठिकाणी लोक खाडी ओलांडत राहिले. आम्ही त्याच किनाऱ्यावर उतरलो. धक्क्यावरून वर डालमेनी स्टेशनापर्यंत पायऱ्यांची चढण आहे आणि तिथून आगगाडी चटकन शहरात नेते, पण ताईचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही बस पकडली. जहाज आलं की धक्क्यावर बस उभ्याच असतात.

एडिनबराचा आकार एकदा कळला की हे शहर नकाशाशिवाय फिरता येतं. पस्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा घट्ट खडक इथे उभा होता. हिमयुगात पश्चिमेकडून बर्फ सरकत आला, तेव्हा खडकाने त्याला अडवलं आणि बर्फ दोन बाजूंनी कोरत पुढे गेला. खडकाच्या आडोशाला पूर्वेकडे मऊ मातीखडीची लांब शेपटी वाचली. खडकावर किल्ला आणि शेपटीच्या कण्यावर जुनं शहर. किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता म्हणजे रॉयल माइल, आणि त्या कण्यापासून दोन्ही बाजूंना फासळ्यांसारखे खाली घसरणारे अरुंद बोळ. उत्तरेला जिथे आज प्रिन्सेस स्ट्रीटची बाग आहे तिथे पूर्वी घाण पाण्याचं तळं होतं. अठराव्या शतकात ते आटवायला घेतलं आणि पलीकडे जेम्स क्रेगच्या आराखड्याप्रमाणे सरळ रस्त्यांचं नवं शहर वसवलं.

किल्ल्यात आम्ही सकाळची पहिली वेळ नोंदवून ठेवली होती, म्हणून गर्दीच्या आधी वर पोहोचलो. वरच्या टोकाला सेंट मार्गारेटचं प्रार्थनाघर आहे. एडिनबरातली ही सर्वांत जुनी वास्तू, ११३० च्या सुमाराची. मार्गारेटचा मुलगा डेव्हिड राजा झाल्यावर त्याने ते आईसाठी बांधलं. पंचवीस-तीस माणसं जेमतेम मावतील एवढं ते आहे. आत ताजी फुलं होती. मार्गारेट नावाच्या स्कॉटिश बायका पाळीपाळीने इथे फुलं ठेवतात. सकाळी जिच्या तरीच्या जागी उतरलो तिच्यासाठी तिच्याच नावाच्या बायकांनी आणलेली फुलं बघून ताईने हात जोडले, मीही जोडले.

१३१४ मध्ये हा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. स्कॉटिश सरदार टॉमस रँडॉल्फ निवडक तीस माणसं घेऊन रात्री उत्तरेकडचा कडा चढला. वाट दाखवणारा माणूस तरुणपणी प्रेयसीला भेटायला याच कड्यावरून चोरून उतरायचा, अशी हकीकत आहे. किल्ला परत मिळाल्यावर राजा रॉबर्ट ब्रूसने तो पाडायला सांगितला, म्हणजे शत्रूला पुन्हा उपयोग नको. प्रार्थनाघर तेवढं ठेवलं. तटावरून खाली वाकून बघताना ताईला कोंडाजी फर्जंद आठवला, साठ माणसांनिशी पन्हाळा घेणारा. ‘कडा बघितल्याशिवाय ती गोष्ट मुलांना शिकवता येत नाही गं,’ ती म्हणाली. ‘हाही तसाच.’

मग आम्ही राजचिन्हांच्या खोलीत गेलो: मुकुट, राजदंड, तलवार. क्रॉमवेलच्या फौजेपासून वाचवण्यासाठी ती एका खेड्यातल्या चर्चच्या जमिनीखाली काही वर्षं पुरून ठेवली होती. १७०७ मध्ये स्कॉटलंडची पार्लमेंट विसर्जित होऊन इंग्लंडशी विलीनीकरण झालं, तेव्हा ती याच किल्ल्यात ओकच्या पेटीत बंद करून खोलीला कुलूप लावलं गेलं. पुढे पुढे लोकांना वाटू लागलं की इंग्रजांनी ती लंडनला नेली. शेवटी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने राजप्रतिनिधीची परवानगी काढली आणि ४ फेब्रुवारी १८१८ ला ती पेटी उघडली. चिन्हं तागाच्या कापडात गुंडाळलेली जशीच्या तशी सापडली.

तारीख वाचून ताई थांबली. मला वाटलं, दमली. पण ती म्हणाली, ‘अगं, ११ फेब्रुवारी १८१८. सातारा.’ आदल्या दिवशी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला होता आणि त्या ११ तारखेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने तिथून जाहीरनामा काढला की पेशव्यांचं राज्य संपलं. इथे स्कॉटलंडचा हरवलेला मुकुट पेटीतून निघाला, त्यानंतर बरोबर एका आठवड्याने तिकडे मराठी राज्य एका स्कॉटिश माणसाच्या सहीने मोडीत निघालं. आणि तो माणूस या किल्ल्याला परका नव्हता. एल्फिन्स्टनच्या वडिलांकडे या किल्ल्याचं गव्हर्नरपद होतं. तो याच गावच्या हायस्कुलात शिकला, ज्यात त्याच्या काही वर्षं आधी स्कॉटही शिकला होता. ताईला किल्ला आतून का बघायचा होता ते मला तेव्हा कळलं. ज्या एल्फिन्स्टनबद्दल ती साताऱ्याच्या वर्गात बोलायची, तो मुलगा असताना कुठे खेळला हे तिला बघायचं होतं.

ती जागा बघायला मिळते. मोठ्या दिवाणखान्याच्या खालच्या तळघरांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युद्धकैदी ठेवत: फ्रेंच, अमेरिकन आणि इतरही. त्यांच्या झोपायच्या झोळ्या पुन्हा तशाच टांगून ठेवल्या आहेत. कैद्यांनी हाडांतून आणि गवताच्या काड्यांतून बनवलेल्या डब्या, खोट्या नोटा छापायची हत्यारं, दारावर चाकूने कोरलेली जहाजं. १८११ मध्ये ४९ कैदी तटाला भोक पाडून दोरावरून पसार झाले. एल्फिन्स्टनचे चरित्रकार सांगतात की मुलगा असताना त्याने फ्रेंच कैद्यांकडून क्रांतीची गाणी उचलली होती आणि ती तो मोठमोठ्याने म्हणायचा. राजाला सिंहासनावरून खेचणाऱ्यांची गाणी म्हणणारा हा मुलगा सोळाव्या वर्षी कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानला आला. पुढे पुण्यात रेसिडेंट झाला, बाजीरावाला गादीवरून उतरवलं, आणि मुंबईचा गव्हर्नर म्हणून शाळा काढल्या, मराठी पुस्तकं छापवली, पुण्यात संस्कृत पाठशाळेला आधार दिला. या सगळ्याची एका वाक्यात गोळाबेरीज करता येत नाही आणि ताईने वर्गातही ती कधी केली नाही. मला ते तिचं बरोबर वाटतं. बाजीराव शेवटी शरण गेला तो जॉन माल्कमला, तोही स्कॉटिशच. आपला इतिहास लंडनमध्ये जितका शोधावा तितकाच या उत्तरेकडच्या लहानशा देशातही शोधायला हवा, हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही.

किल्ल्यातून बाहेर पडलं की उजवीकडे-डावीकडे न बघता लोक रॉयल माइलवरून खाली उतरू लागतात. दुकानांत लोकरीचे गळपट्टे, बिस्किटांचे डबे, बॅगपाइप वाजवणारे. जहाजावरून आलेल्या बहुतेकांचा दिवस यातच जातो, कारण संध्याकाळची शेवटची बोट गाठायची असते आणि यादीत राजवाडा, स्कॉटचं स्मारक, संग्रहालय असं सगळं असतं. आम्ही यादी गुंडाळून ठेवली आणि वरच्या अर्ध्या मैलातल्या बोळांत शिरलो.

१५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत राजासकट निम्मं सरदारमंडळ मारलं गेलं, तेव्हा घाबरलेल्या शहराने भोवती तट घातला. पुढे अडीचशे वर्षं शहर त्या तटाच्या आतच वाढलं, म्हणजे उंच वाढलं. बोळाच्या खालच्या तोंडाशी उभं राहून मोजलं तर काही घरं दहा मजल्यांहून उंच होती. एकाच जिन्यावर मधल्या मजल्यांत न्यायाधीश आणि सरदार, तळघरात आणि माळ्यावर हमाल. लॉनमार्केटमधलं ग्लॅडस्टन्स लँड हे घर त्या काळाची चांगली कल्पना देतं. टॉमस ग्लेडस्टेन्स या व्यापाऱ्याने ते १६१७ मध्ये घेतलं, वाढवलं आणि मजले भाड्याने दिले. छताच्या तुळयांवर फळाफुलांची रंगीत चित्रं अजून आहेत. १९३४ मध्ये ते पाडायचं ठरलं होतं, तेवढ्यात वाचलं.

नवं शहर झाल्यावर पैसेवाले तळ्यापलीकडे गेले. जुन्या घरांत एकेका खोलीत एकेक कुटुंब कोंबलं गेलं. १८६१ च्या नोव्हेंबरात एका रात्री पेझ्ली क्लोजजवळची इमारत कोसळली आणि ३५ माणसं गेली. ढिगाऱ्याखालून एका मुलाने, मी अजून जिवंत आहे, खणा, असं ओरडून सांगितलं आणि त्याला बाहेर काढलं. त्या बोळाच्या तोंडावर त्याचा दगडी चेहरा कोरलेला आहे. त्यानंतर शहराने आरोग्य अधिकारी नेमला, हेन्री लिटलजॉन. त्याच्या अहवालावरून १८६७ मध्ये सुधारणेचा कायदा झाला आणि बोळच्या बोळ पाडून रुंद रस्ते काढले गेले. पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या खोल्यांत राहणारे गेले कुठे? शेजारच्या बोळात, आणखी दाटीने.

इथे पॅट्रिक गेडिस येतो. या माणसाबद्दल मला मनापासून प्रेम आहे. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. १८८६ मध्ये लग्न झालं आणि त्यानंतर तो बायकोला, ॲनाला, घेऊन नव्या शहरातल्या चांगल्या वस्तीत न राहता जेम्स कोर्टमध्ये राहायला आला. एकेकाळी या कोर्टात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम राहिला होता, लेखक बॉझवेलने डॉक्टर जॉन्सनचा पाहुणचार इथेच केला होता, पण आता ती झोपडपट्टी झाली होती. गेडिस दांपत्याने शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना चुना लावला, खिडक्यांत झाडं लावली, जी घरं खरोखर मोडकी होती तेवढीच काढून हवा-उजेड आत आणला आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यांत लहान बागा केल्या. आधी राहणाऱ्यांना विचारा, मग कमीत कमी कापा, ही त्याची पद्धत. वैद्य जसा अवयव वाचवून शस्त्रक्रिया करतो तशी त्याने शहराची शस्त्रक्रिया मांडली. जेम्स कोर्टच्या अंगणात आम्ही उभ्या असताना किल्ल्यावरची एकची तोफ वाजली. १८६१ पासून ती रविवार सोडून बहुधा रोज दुपारी एकला उडते. फोर्थमधल्या जहाजांना आपली घड्याळं लावता यावीत म्हणून ती सुरू केली, कारण समुद्रावरून धुकं चढलं की कॅल्टन टेकडीवरचा वेळ दाखवणारा गोळा खलाशांना दिसत नसे.

तिथेच जवळ एका खाणावळीत जेवलो. ताई शाकाहारी, तिने शाकाहारी हॅगिस मागवलं: ओट, डाळी, भाज्या आणि भरपूर मिरपूड, बरोबर सलगमासारख्या कंदाचा आणि बटाट्याचा लगदा. तिला आवडलं. मी कलन स्किंक घेतलं, धुरावलेल्या हॅडॉक माशाचं दूध-बटाट्यातलं दाट सूप. त्या गार वाऱ्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

गेडिसने १८९२ मध्ये किल्ल्याजवळचा एक मनोरा ताब्यात घेतला. वर कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे आरसा आणि भिंगातून अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या मेजावर सगळं शहर हलतं-चालतं उमटतं. तो पाहुण्यांना आधी धापा टाकत वर नेई, शहर दाखवी, आणि मग एकेक मजला उतरत एडिनबरा, स्कॉटलंड, युरोप, जग असं दाखवत खाली आणी. आज तिथे भ्रमाचे खेळ मांडले आहेत, पण वरचं ते मेज अजून आहे. शेजारचं पांढऱ्या-तांबड्या रंगाचं रॅम्से गार्डनही त्याचंच.

आणि हा माणूस आपल्याकडे आला. १९१४ मध्ये मद्रासला नगररचनेचं प्रदर्शन भरवायला तो निघाला, तर प्रदर्शनाचं सगळं सामान घेऊन येणारं जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. आयुष्यभर जमवलेले नकाशे आणि चित्रं समुद्रात गेली. त्याने मित्रांकडून नवं साहित्य मागवलं आणि १९१५ च्या जानेवारीत प्रदर्शन भरवलंच. मग तो हिंदुस्थानातल्या कितीतरी गावांतून पायी हिंडला आणि अहवाल लिहीत गेला. होळकरांच्या इंदुरात प्लेगचा धाक होता. त्याने दरबाराकडून दिवाळीचा एक दिवस राजेपण मागून घेतलं आणि जाहीर केलं की मिरवणूक त्याच रस्त्यांवरून जाईल जिथली घरं सर्वांत जास्त झाडून, दुरुस्त करून ठेवली असतील. गाव झडझडून स्वच्छ झालं. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्याचा पहिला प्राध्यापक गेडिस. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्याच्या शिफारशीने इंग्लंडला शिकायला गेले आणि १९२४ मध्ये त्याच्या जागी बसले. भारतीय समाजशास्त्राची मराठी वाट जेम्स कोर्टच्या या अंगणातून निघाली, असं म्हणायला मला अडचण वाटत नाही.

समोरच्या बाजूच्या रिडल्स कोर्टमध्ये आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. हे घर जॉन मॅकमोरन या श्रीमंत व्यापाऱ्याचं. १५९५ मध्ये सुट्टी नाकारली गेली म्हणून हायस्कूलच्या मुलांनी स्वतःला शाळेत कोंडून घेतलं, तेव्हा दार फोडायला गेलेल्या मॅकमोरनला एका विद्यार्थ्याने गोळी घातली. एल्फिन्स्टन आणि स्कॉट पुढे शिकले ती हीच शाळा. तीन वर्षांनी याच घरात सहाव्या जेम्स राजाला मेजवानी झाली. तीन शतकांनी गेडिसने पडायला आलेलं हे घर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दुरुस्त केलं आणि कमानीवर लॅटिन ओळ रंगवून घेतली: जगता जगता आपण शिकतो. आता ते त्याच्याच नावाचं केंद्र आहे. लाकडी जिना, जुने दगड, वर आकाशाचा चौकोन. ताई पायरीवर बसून म्हणाली, ‘आपल्या पेठांतल्या वाड्यांना असा एक माणूस मिळायला हवा होता.’ सातारा, पुणे, नाशिक, वाई, सगळीकडे वाडे पाडून उभ्या केलेल्या इमारती मला आठवल्या. गेडिसचे अहवाल आपल्याच देशातल्या गावांवर लिहिलेले आहेत. नगररचना शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने ते वाचावेत.

राजवाडा आम्ही पाहिला नाही. सेंट जाइल्स चर्चच्या मुकुटासारख्या शिखराखालून जाऊन आलो, स्कॉटचं काळं उंच स्मारक बसच्या खिडकीतून पाहिलं, आणि वेळेच्या बरंच आधी धक्क्यावर पोहोचलो.

तुम्ही जहाजाने एडिनबराला जाणार असाल तर माझं सांगणं एवढंच. किल्ल्याचं तिकीट घरूनच काढा आणि पहिली वेळ घ्या, उन्हाळ्यात तिकिटं आधीच संपतात. राजचिन्हांइतकाच वेळ कैद्यांच्या तळघरांना द्या. नंतर मोठ्या रस्त्यावर रेंगाळू नका, बोळांत शिरा. रिडल्स कोर्टची कमान किल्ल्याकडून उतरताना लॉनमार्केटमध्ये उजव्या हाताला आहे आणि अंगणात जायला तिकीट लागत नाही.